मिटल्या डोळ्यांपुढच्या ठिणग्या

जुलै १९६९. चंद्राच्या सफरीत यानातल्या अंधारात बझ आल्ड्रिन यांना प्रकाशाच्या बारीक ठिणग्या चमकताना दिसल्या. पुढच्या चांद्रवीरांनाही त्या दिसल्या, अगदी डोळे मिटलेले असताना! यानाची भिंत आणि कवटी भेदून आलेले अवकाशातले वेगवान जड कण डोळ्यांच्या पडद्यातून आरपार जात होते. असे काही घडेल, हे कॉर्नेलियस टोबायस या शास्त्रज्ञाने १९५२ मध्येच सांगून ठेवले होते.

असा कण पेशीतून (कन्नड शाळेत शिकणारी आपली मुले तिला 'जीवकोश' म्हणतात) जातो तेव्हा काय होते? एक्स-रेचा मारा रिमझिम पावसासारखा, सगळीकडे विखुरलेला. जड कण मात्र ओल्या शेतातून भरल्या बैलगाडीने जावे तसा खोल चाकोरी पाडत जातो. पेशीतल्या डीएनएचा एक धागा तुटला, तर दुसऱ्याच्या आधाराने पेशी तो सांधून घेते. जड कण दोन्ही धागे जवळजवळ तोडतो, शेजारी आणखी चार जखमा करतो. मग सांधणारी यंत्रणा गोंधळते. पेशी मरते किंवा चुकीची सांधली जाते, आणि ही चुकीची जोडणीच पुढे कॅन्सरचे कारण ठरू शकते. लांबच्या अंतराळप्रवासाची धास्ती वाटते ती यामुळे.

पण हाच घातक गुण वैद्यांनी कामाला लावला. जपानमधल्या चिबा येथे १९९४ पासून कार्बनच्या अणुकेंद्रकांनी कॅन्सरवर उपचार होतात. त्यांना प्रकाशाच्या जवळजवळ पाऊणपट वेग देतात. शरीरात शिरताना ते थोडीच ऊर्जा सोडतात आणि थांबता थांबता, म्हणजे नेमक्या गाठीत, बहुतेक सगळी ओततात. गाठीच्या गाभ्यात रक्तपुरवठा तोकडा, म्हणून प्राणवायू कमी. तिथे एक्स-रे निम्म्याहून अधिक दुबळा पडतो. कार्बनला त्याची फारशी फिकीर नसते. माकडहाडाजवळच्या हट्टी गाठींवर त्याचा उपयोग झाला तो म्हणूनच.

अर्थात निरोगी पेशीलाही तो तितक्याच जोराने लागतो. चिबातल्या सुरुवातीच्या चाचण्यांत मात्रा जास्त झाल्याने काही रुग्णांच्या गुदाशयाला इजा झाल्या. मग मात्रा उतरवावी लागली. गाठीला आतडे चिकटून असेल तर डॉक्टर आजही कचरतात.

आपल्याकडे घरात कुणाला 'लाइट द्यायला' सांगितले, की हल्ली कुणीतरी प्रोटॉनचे नाव काढतोच. चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात २०२३ पासून ती सोय आहे. प्रोटॉनही गाठीपाशी थांबतो, हे खरे. पण तो कार्बनच्या बारावा हिस्सा वजनाचा. पेशीवरचा त्याचा घाव एक्स-रेपेक्षा साधारण दहा टक्केच जड धरतात, कार्बनचा दुप्पट-तिप्पट.