तडितवाहकांची देखरेख आणि संगणक

वीज पडल्याची बातमी आपण वाचतों ती बहुधा रानांतली असते. झाडाखालीं थांबलेल्या गुराख्याची, नाहीं तर शेतांत काम करणाऱ्या कुटुंबाची. आपल्या देशांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें विजेनें दगावतात, आणि त्यांत शहरांतल्या पक्क्या घरांत राहणारीं थोडीं. त्यामुळें गच्चीवर एक तांब्याची कांब उभी आहे, एवढ्यावर आपण निश्चिंत असतों. ती कांब खालीं जमिनीपर्यंत अखंड पोंचते कीं नाहीं, हें आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिलें असेल?

अशा यंत्रणांची तपासणी करणें हा माझा व्यवसाय. गेल्या वर्षीं मे महिन्यांत पुण्याजवळच्या एका बारा मजली गृहसंस्थेनें मला बोलावलें. चिटणीसांनीं चहाबरोबर मोठ्या अगत्यानें एक वही पुढें केली. तींत सहा वर्षांचीं मापें होतीं. ४.२ ओहम, पुन्हां ४.२ ओहम, सहाहि वेळां ४.२, शाई एक, हस्ताक्षर एक. जमीन ही पाऊस पिणारी आणि उन्हानें भेगाळणारी वस्तु आहे. तिचें माप सहा वर्षें जागचें हाललें नाहीं, असें माझ्या पाहण्यांत कधीं आलेलें नाहीं. मीं वही मिटली आणि गच्चीचा जिना चढूं लागलों.

मूळ तत्त्व जुनें आहे. बेंजामिन फ्रँक्लिननें १७५३ सालच्या आपल्या पंचांगांत घरें विजेपासून कशीं राखावीं हें छापलें. तेव्हांपासून आजपर्यंत यंत्रणेचीं अंगें तींच आहेत: वर विजेला झेलणारी कांब किंवा पट्टी, तिला खालीं आणणारे वाहक, आणि प्रवाह मातींत पसरविणारें अर्थिंग. लोक या सगळ्याला ‘अरेस्टर’ म्हणतात, परंतु येथें अटक कोणालाच होत नाहीं. विजेला आपल्या सोयीच्या वाटेनें जाऊं द्यावयाचें असतें. साधारण झोतांत ३०,००० अँपियर प्रवाह असूं शकतो. अर्थिंगचा विरोध १० ओहम धरला, तर साध्या गुणाकारानें ३ लक्ष व्होल्ट होतात. वाट मध्येंच तुटलेली असेल तर हा प्रवाह तेथून उडी मारून नळांत, विजेच्या तारांत किंवा भिंतींतल्या सळयांत शिरतो. तुटका वाहक विजेला छपरावर आमंत्रण देतो आणि अर्ध्या वाटेवर सोडून देतो.

आतां त्या ४.२ ची मौज पाहा. इमारतीला सहा वाहक आहेत आणि प्रत्येकाच्या अर्थिंगचा विरोध २५ ओहम आहे असें समजा. सहाहि एकमेकांना जोडलेले असल्यानें एकत्र माप येतें सुमारें ४.२. त्यांपैकीं एक पार तुटला, तरी उरलेल्या पांचांचें माप येईल ५. भारतीय मानकानें संपूर्ण यंत्रणेला १० ओहमची मर्यादा सांगितली होती. तेव्हां वहींत ‘ठीक’ असाच शेरा पडणार! म्हणून प्रत्येक वाहकावर, जमिनीपासून थोड्या उंचीवर, चांचणीसाठीं एक सुटा होणारा सांधा ठेवलेला असतो. तो उघडून प्रत्येक अर्थिंगचें माप निराळें घ्यावयाचें. सहा वाहक असतील तर त्या मानकांत एकेकट्याला ६० ओहमपर्यंत मुभा होती. काम कंटाळवाणें, उन्हांतलें. सांध्याचे बोल्ट गंजून बसलेले. एकच आंकडा लिहून मोकळें होण्याचा मोह कां होतो, हें मला पुरतें ठाऊक आहे.

त्या इमारतीचे पांच सांधे उघडले, सहावा सांपडेना. वाहनतळाच्या नव्या शेडमागें पाहिलें तों तांब्याची पट्टी दोन पुरुष उंचीवर संपलेली! खालचा तुकडा रंगकामाच्या वेळीं कोणीतरी काढून भंगारांत विकला असावा. गच्चीवर आणखी एक गोष्ट दिसली. तीन वर्षांपूर्वीं बसविलेले सौर पट्टे जुन्या कांबेहून उंच उभे होते, आणि त्यांची चौकट यंत्रणेला कोठेंच जोडलेली नव्हती. वहीला याचा पत्ता नव्हता, कारण वही गच्चीवर जात नाहीं.

येथें संगणकाचा उपयोग सुरू होतो. या कामाच्या सॉफ्टवेअरमध्यें प्रथम इमारतीचा नकाशा घालतात आणि प्रत्येक कांब, सांधा व खड्डा यांना स्वतंत्र क्रमांक देतात. जागेवर त्याच क्रमांकाची चकती चिकटविलेली असते. तपासनीस मोबाइलनें ती वाचतो, छायाचित्र घेतो आणि माप भरतो. तारीख व वेळ आपोआप उमटते. सहा सांधे असतील तर सहा आंकडे भरल्यावांचून नोंद पुरी होत नाहीं. दोष आढळला कीं दुरुस्तीचें छायाचित्र येईपर्यंत तो तांबड्या अक्षरांत तसाच राहतो. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आलेख. एखादा खड्डा २४, २९, ३६, ४७ असा चढत गेला, तर यांतला प्रत्येक आंकडा मर्यादेंत असूनहि मातींतला धातु गंजत आहे हें डोळ्यांना दिसतें. आलेखाला ऋतूची जोड मात्र हवी. ऑगस्टांतल्या चिंब जमिनीचें माप गोड येतें, मेमधलें कडू. जुन्या ब्रिटिश मानकांत तर तपासणीचें अंतर बारा महिन्यांहून किंचित् कमी ठेवावें असें सुचविलेलें होतें, म्हणजे चांचणीचा ऋतु पालटत राहतो. पुढची तारीख अकरा महिन्यांनीं लावणें संगणकाला एका कळीचें काम आहे, माणूस विसरतो.

आंतरराष्ट्रीय मानक ६२३०५ भारतानेंहि स्वीकारलेलें आहे. त्याच्या २०१० सालच्या आवृत्तींत वरच्या दोन संरक्षण-श्रेणींसाठीं नुसत्या डोळ्यांनीं पाहणी दरवर्षीं आणि संपूर्ण चांचणी दोन वर्षांनीं, खालच्या दोन श्रेणींसाठीं अनुक्रमें दोन व चार वर्षांनीं सुचविली आहे. इमारतीवर वीज पडल्याचें कळतांच वेळापत्रक न पाहतां तपासावें, हें निराळेंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें ‘दामिनी’ हें ॲप वीज कोठें पडत आहे तें दाखवितें. अशी माहिती इमारतींच्या यादीशीं जोडली, तर वादळानंतर कोणत्या गच्चीवर आधीं चढावें हें ठरवितां येईल.

एकाच इमारतीला हा सारा खटाटोप विकत घेण्याची गरज नाहीं; नेटका आंखलेला तक्ता आणि छायाचित्रें पुरतात. रुग्णालय, महाविद्यालय किंवा वीसपंचवीस इमारतींची वसाहत सांभाळणाऱ्याला मात्र सॉफ्टवेअरचा खर्च परवडतो. आणि संगणकाला माती दिसत नाहीं, हें लक्षांत असूं द्यावें. एकाच खड्ड्याचें छायाचित्र तीन क्रमांकांखालीं चढविलेलें मीं पाहिलें आहे. म्हणून मोजणीयंत्राच्या पडद्याचें छायाचित्र मागावें, आणि कधींमधीं संस्थेच्या कोणीतरी तपासनीसाबरोबर स्वतः खालीं उतरावें.

त्या गृहसंस्थेनें पट्टी नवी बसविली आणि सौर पट्ट्यांची चौकट जोडून घेतली. सहा सांध्यांचीं मापें आलीं २२, २७, ३१, २४, २६ आणि ५८. शेवटचें मर्यादेंत असलें तरी मला पसंत नाहीं. तेथें आणखी एक सळई ठोकावयास सांगितली आहे. जुनी वही चिटणीसांनीं फेकूं दिली नाहीं, तिच्या पानांचीं छायाचित्रें पहिली नोंद म्हणून संगणकांत चढविलीं. आणि सहाव्या खड्ड्यापुढें तांबडी खूण अजून आहे.