सासवडच्या माळ्यांचे स्थलांतर
अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याला १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळे. पाच वर्षे तेथे राहून ती कसायची, ही मुख्य अट. सासवडच्या माळ्यांना असे दान मिळाले नाही. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. बारामतीकडच्या जिरायत शेतकऱ्यांच्या शेतात पाणी आले. पण उसाचे खत, मजुरी, भांडवल अनेकांना पेलेना. विहिरीवर बागायत करणारे माळी तेथे गेले, जमीन खंडाने घेऊन त्यांनी ऊस लावला. जमीन दुसऱ्याची, जाण त्यांची. १९३२ मध्ये त्यांनी माळीनगरला साखर कारखाना काढला.

लिंबायतच्या अनेक खानदेशी घरांनी शेत मागे ठेवून माग धरला. त्यांच्या वडीलधाऱ्यांची शेतीची जाण आपण आताच लिहून घेतली पाहिजे.