अंग चोरणाऱ्या चाकाचा इलाज

दिवाळी सरली की भीमाकाठच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. भीमा ही या दोन तालुक्यांची बऱ्याच अंतरापर्यंत शीव. अलीकडे दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, पलीकडे शिरूरला घोड आणि चासकमानचं. पाणी आलं तसा ऊस आला, उसामागे कारखाने आले: न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर. फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंतचा रस्ता कितीही लांब असो, ट्रॅक्टरवाल्याची खरी परीक्षा पहिल्या दोनशे पावलांत होते. फडात ट्रॉली भरायची, एकेक करून बाहेर काढायची आणि डांबरावर आल्यावर दोन्ही जोडायच्या. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला तर बरा. मागे राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे जमीन वाफशावर येण्याची वाट बघायला कुणाला सवड नसते.

मग गाडी फसते. फसलेल्या ट्रॅक्टरकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. मागच्या दोन चाकांपैकी एक चाक चिखल उडवत जागच्या जागी गरगरत असतं आणि दुसरं, कोरड्या वरंब्यावर असलेलं, ढिम्म उभं असतं. पन्नास अश्वशक्तीचं इंजिन कोकलत असतं, पण ज्या चाकाला धर आहे ते काही केल्या हलत नाही. लोक शिव्या घालतात चिखलाला. चिखलाने मात्र एकच चाक धरलेलं असतं. दुसऱ्याला बसवून ठेवणारा मागच्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडालेला असतो. तो म्हणजे डिफरन्शियल.

वळणाची गरज

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. आख स्थिर, दोन्ही तुंबे त्याच्यावर मोकळे. वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, वंगण तेवढं असलं की झालं. ओढणारे बैल आहेत, चाकाने फक्त मागे यायचं आहे. आगगाडीलाही ते लागत नाही. दौंड जंक्शनात उभ्या असलेल्या डब्याची दोन्ही चाकं एकाच आखावर घट्ट ठोकलेली असतात, पण त्यांचा रुळावर टेकणारा भाग वीसास एक असा किंचित निमुळता असतो. वळणावर जोडी बाहेरच्या रुळाकडे सरकते, बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, आणि हिशेब मिटतो. वळण फारच आवळ असलं तर चाकाची कड रुळाला घासून किंचाळते.

अडचण येते ती चाकानेच ओढायचं असतं तेव्हा. बांधाजवळ ट्रॅक्टर फिरवताना आतलं मागचं चाक दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चाललं, तर बाहेरचं साडेतीन मीटरच्या वर्तुळावर चालतं. अर्ध्या फेऱ्यात एकाला सुमारे सव्वासहा मीटर जायचं, दुसऱ्याला अकरा. दोघांना एकाच आखावर ठोकलं तर एकाला फरफटत जावं लागेल. टायर झिजेल, नाहीतर आख पिळवटेल.

यावर तोड काढली ती फ्रान्समधले घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर यांनी, १८२७-२८ च्या सुमारास, वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडच्या कव्हेंट्रीतले जेम्स स्टार्ले यांनी तीच कल्पना तीनचाकी सायकलीला लावली आणि तिथून ती मोटारीत आली. रचना आजही तीच आहे. इंजिनाकडून आलेला पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात आडव्या पिनेवर लहान स्टार गिअर असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चाकांकडे जाणारे सन गिअर. सरळ जाताना स्टार गिअर आपल्या पिनेवर फिरत नाहीत, सगळा पिंजरा एकजीव होऊन फिरतो. वळताना ते पिनेवर कलतात. एका चाकाचे जितके फेरे कमी होतात तितके दुसऱ्याचे वाढतात. क्राऊन मिनिटाला चाळीस फेरे घेत असेल तर एक चाक तीस आणि दुसरं पन्नास घेऊ शकतं. किंवा एक शून्य आणि दुसरं ऐंशी.

तो शून्य-ऐंशीचा हिशेबच फडात दिसतो.

समान वाटणीचा दोष

फेरे कसेही वाटले गेले तरी डिफरन्शियल जोर मात्र दोन्ही चाकांना सारखाच देतं. हे समजायला बैलांचं जू पुरे. जू मधोमध बांधलं असेल तर दोन्ही बैलांची ओढ सारखीच राहते. एकाने अंग चोरलं की जू त्याच्या बाजूने मागे जातं, आणि दुसरा कितीही तगडा असला तरी त्याचा जोर गाडीपर्यंत पोचत नाही. जोडीतला कमजोर जितकं ओढेल, तितकंच दुसऱ्याचं ओढणं कामी येतं.

आकड्यांत मांडू. समजा चिखलातलं चाक घसरण्याआधी दोनशे किलोची ओढ देऊ शकतं आणि कोरड्यावरचं पंधराशेची. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्हींना दोनशे-दोनशे मिळतील, एकूण चारशे. दोन्ही चाकं एकत्र बांधली असती तर सतराशे मिळाले असते. इंजिन तेच, डिझेल तेच, चाकंही तीच. तेराशे किलो या न्यायी वाटणीत गेले.

डिफरन्शियल सुधारण्याच्या दोनशे वर्षांच्या खटपटीचं सार यात आलं. वळणावर समानता हवी आणि चिखलात ती मोडायला हवी. ती कधी मोडायची आणि कुणी मोडायची, एवढाच प्रश्न आहे. निरनिराळ्या यंत्रांनी त्याची निरनिराळी उत्तरं दिली.

टाचेखालचा इलाज

ट्रॅक्टरचं उत्तर सगळ्यात सरळ आहे: चालकाने मोडायची. बहुतेक ट्रॅक्टरांवर टाचेपाशी एक लहानसा पेडल असतो, डिफरन्शियल लॉकचा. तो दाबला की पिंजरा आणि एक सन गिअर दातांनी एकमेकांत अडकतात. स्टार गिअरांना कलायला जागाच उरत नाही आणि दोन्ही चाकं एका आखावर असल्यासारखी फिरतात. पाय काढला की स्प्रिंग लॉक सोडवते. दाबायची वेळ मात्र आधी असते. चिखलात शिरण्यापूर्वी, किंवा फसल्यावर क्लच दाबून चाक थांबवून, मग लॉक. एक चाक भरधाव गरगरत असताना पेडल दाबला तर दातावर दात आपटतात. बाहेर आल्यावर, वळण्यापूर्वी, तो सुटलाय याची खात्री करायची. लॉक लावून वळायला गेलं की ट्रॅक्टर सरळच जायला बघतो आणि स्टेअरिंग ओढणाऱ्याला वाटतं पुढची चाकं बिघडली.

दुसरा इलाज याहून खुबीचा. ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन, डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. डांबरावर ते कडीने एकत्र जोडायचे असतात. शेतात कडी काढून जुने चालक गरगरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक हळूच धरतात. म्हणजे अंग चोरणाऱ्या बैलाला जबरदस्तीने ओझं दिलं. त्या चाकाला फिरायला जितका जोर लागू लागतो, तितकाच जोर पलीकडच्या चाकाला आपोआप मिळतो आणि गाडी निघते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. तिच्यातला संगणक घसरत्या चाकाचा ब्रेक आपणहून धरतो, सेकंदात अनेकदा. तत्त्व तेच, जे शेजारच्या शिवारात पायाने चालतं.

तिसरा इलाज डिफरन्शियलच्या बाहेरचा. मागच्या टायरात पाणी भरायचं, चाकांना बिडाची वजनं लावायची. चाकावर भार वाढला की धर वाढतो, आणि कमजोर चाकाची दोनशेची ओढ तीनशे झाली तर समान वाटणीतही दोनशेची भर पडते, कारण पलीकडचं चाकही शंभराने वर येतं. मात्र मागे भारी ट्रॉली आणि मागेच वजन, असं झालं की ट्रॅक्टर तोंड उचलतो. म्हणून पुढच्या बंपरवरही वजनं टांगावी लागतात.

उघडलेलं हाउसिंग

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला येणारा रस्ता असो की पुणे-सोलापूर महामार्ग, हंगामात त्यांच्या कडेच्या गॅरेजांत एखादा तरी ट्रॅक्टर मागून उघडलेला असतोच. कसबी मिस्त्री आधी दाते बघत नाही, तेल बघतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच तेलात चालतात. ते दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय. बोटांत चोळल्यावर चमचम दिसली तर काहीतरी खातंय. मग तुटलेला स्टार गिअर हातात येतो. दाताचा मोडलेला भाग सगळाच खरखरीत आणि उजळ असेल तर तो एका धक्क्यात गेला, बहुधा चुकीच्या वेळी दाबलेल्या लॉकने. अर्धा भाग गुळगुळीत आणि काळपट, उरलेलाच ताजा असेल तर तडा जुना होता. तो हंगामभर थोडा थोडा वाढत गेला. स्टारच्या पिनेवर ओरखडे आणि जळाल्याचा निळसर डाग असेल, तर एक चाक फार वेळ जागेवर गरगरवलं गेलंय. सरळ चालताना स्टार पिनेवर जवळपास फिरतच नाही, त्यामुळे ती जागा तेवढ्या वेगासाठी केलेलीच नसते.

जोडताना सगळी करामत पातळ चकत्यांची, म्हणजे शिमांची. क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांत किती फट ठेवायची हे मिलिमीटरच्या दशांशांत ठरतं. दातांना रंग लावून चक्र हाताने फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या मध्यावर आला तर बरोबर. टोकाला आला तर शीम बदलायची, पुन्हा रंग, पुन्हा फेरा. फट जास्त राहिली तर प्रत्येक झटक्याला ठोका बसतो, कमी राहिली तर दाते तापतात.

खेळण्यातलं शास्त्र

हेच काम हातभर लांबीच्या गाडीतही चालतं. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओवरची मोटार बाजारात आणली. पुढे माती-दगडांतून उड्या मारणारे ट्रक आले. खऱ्याच्या एक दशांश मापाच्या या ट्रकात बोराएवढं डिफरन्शियल असतं, तसेच स्टार, तसेच सन. त्यातही शिमा लावाव्या लागतात आणि दातांतली फट चुकली की दाते उडतात. पण अशा गाड्या पळवणाऱ्या छंदिष्टांनी समानता मोडायला निवडलं तेल. डिफरन्शियलची डबी बंद करून तिच्यात सिलिकॉन तेल भरायचं. पातळ हवं तर हजाराच्या अंकाचं, दाट हवं तर लाखाच्या. एक चाक गरगरू लागलं की स्टार गिअरांना त्या दाट तेलातून वाट काढावी लागते, विरोध वाढतो आणि तेवढा जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. गिअर न बदलता, फक्त तेल बदलून गाडीचा स्वभाव बदलतो. मागे फार दाट भरलं तर वळणावर शेपूट निसटतं. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत मधल्या डिफरन्शियलमध्ये पातळ भरलं तर हवेत उचललेली पुढची चाकंच सगळे फेरे खातात. दगडांवर मुंगीच्या पावलाने चढणाऱ्या गाड्यांचे शौकीन मात्र तेलाच्या भानगडीत पडत नाहीत. डबीत पुट्टी भरून गिअर कायमचे जखडतात.

मग ट्रॅक्टरमध्ये दाट तेल का भरत नाहीत? कारण तेलाचा विरोध वेगावर जगतो. अकरा सेंटिमीटर व्यासाचं चाक असलेला खेळण्यातला ट्रक ताशी चाळीस किलोमीटरने पळतो तेव्हा चाक मिनिटाला एकोणीसशेहून जास्त फेरे घेतं. फडातून ताशी दोन किलोमीटरच्या चालीने निघालेल्या ट्रॅक्टरचं दीड मीटरच्या आसपास व्यासाचं चाक मिनिटाला साडेसात फेरेही पुरे करत नाही. इतक्या सावकाश चालीत कोणतंही तेल वाट अडवत नाही. म्हणूनच दगडावरच्या खेळण्याला आणि चिखलातल्या ट्रॅक्टरला एकच इलाज लागू पडतो: घट्ट जखडणं.

मोटारींनी यांच्या मधल्या वाटा काढल्या. अमेरिकेतले व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या टॉर्सन डिफरन्शियलमध्ये मळसूत्री गिअर असतात. कमजोर चाकाला मिळेल त्याच्या काही पट जोर ते बळकट चाकाला देतात. शेतकरी दुबळ्या बैलाला सोपं जावं म्हणून जुवाचा बांध बळकट बैलाकडे सरकवतो, तसाच हा सौदा. पण शून्याची कितीही पट शून्यच. एक चाक हवेत गेलं की टॉर्सनही हात टेकतं. महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये मिळणारं ईटनचं डिफरन्शियल दोन चाकांत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लॉक होतं. रस्ता सोडून हिंडणाऱ्या मोटारीला ते सोयीचं. ट्रॅक्टर त्या शंभरापर्यंत पोचेतो चाकाने हातभर खड्डा खणलेला असेल.

म्हणून उसाच्या फडात अजून टाचेचाच पेडल टिकून आहे, आणि तो मागासलेपणा नाही. चाक घसरल्यावर शहाणं होणारं कोणतंही यंत्र या जमिनीत उशिरा शहाणं होतं. पुढे ओल आहे हे घसरण्याआधी दिसतं ते चालकाला, आणि लॉक लावायची खरी वेळ तीच असते. यंत्राकडून अपेक्षा एवढीच, की सांगितल्याबरोबर अडकावं आणि पाय काढल्याबरोबर सुटावं. उरलेला इलाज डिफरन्शियलच्या हातात नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ज्या पाणंदीवर मुरूम पडून दाबला गेला, तिथे दोन्ही चाकांना सारखाच धर मिळतो, आणि समान वाटणी हा मग दोष राहत नाही. पेक्योरने ते यंत्र दोन्ही चाकांना धर देणाऱ्या रस्त्यासाठीच केलं होतं.