वर्तणुकीचा रकाना

मुलगा एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत गेला, म्हणजे त्याच्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जातो. त्या दाखल्यांत जन्मतारीख, इयत्ता व अभ्यासांतील प्रगति यांच्या जोडीला ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. दहा वर्षांच्या पोराचीही वर्तणूक अशी कागदावर नोंदली जाते. मुलांमुलींना मैदानावर खेळ शिकविणारा प्रशिक्षक मात्र एका संघांतून दुसऱ्या संघांत जातो, तेव्हां त्याच्याबरोबर जाते ती केवळ त्यानें जिंकलेल्या सामन्यांची यादी. स्त्रियांच्या फुटबॉलच्या जगांत गेल्या दहा-बारा वर्षांत जीं लाजिरवाणीं प्रकरणें उघडकीस आलीं, त्यांचें मूळ पुष्कळ अंशीं या उणिवेंत आहे.

मुळशी तालुक्यांतील श्रोत्यांना हा विषय परका वाटूं नये. तालुक्याच्या पूर्व अंगास, म्हाळुंगे-बालेवाडी येथें, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें उभें राहिलेलें श्री शिवछत्रपति क्रीडासंकुल आहे. २०२२ च्या आरंभीं आशियाई महिला चषकाचे सामने त्याच मैदानावर झाले. माण, पौड, पिरंगूट या बाजूच्या एखाद्या मुलीनें आपणही असें खेळावें अशी उमेद धरली, तर त्यांत नवल तें काय? आणि ती उमेद पुरी होण्याचा मार्ग प्रशिक्षकाच्या हातून जातो.

प्रशिक्षकाची सत्ता शाळामास्तराच्या सत्तेहून मोठी असते, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. वर्गांत चाळीस मुलें असतात, दार उघडें असतें, आणि घंटा झाली कीं मूल घरीं जातें. प्रशिक्षक खेळाडूला परगांवीं नेतो. तिनें काय खावें, केव्हां निजावें, दुखऱ्या गुडघ्यानें धांवावें कीं नाहीं, हें तो ठरवितो. संघांत कोणास घ्यावयाचें, हा शब्दही त्याचाच. दहावीचे वाढीव क्रीडागुण काय, किंवा सरकारी नोकरींतील खेळाडूंच्या पांच टक्के राखीव जागा काय, सर्वांची सुरुवात त्या निवडीपासून होते. शेतकऱ्याच्या मुलीला पुढें जाण्याची ती एकच वाट असेल, तर त्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध ती सहज तोंड उघडील, असें मानणें भाबडेपणाचें आहे.

मुलगी बोलली तरी संस्था काय करतात, याचा सविस्तर लेखी पुरावा अमेरिकेंत मिळतो. तेथील स्त्रियांच्या व्यावसायिक लीगमधील पोर्टलंड थॉर्न्स या संघाचा प्रशिक्षक पॉल रायली याच्याविरुद्ध मॅना शिम या खेळाडूनें २०१५ सालीं लैंगिक गैरवर्तनाची तक्रार केली. क्लबनें चौकशी केली, त्याचा करार पुढें चालविला नाहीं, आणि जाहीररीत्या त्याचे आभार मानले! खरें कारण बाहेर आलें नाहीं. कांहीं महिन्यांतच दुसऱ्या संघानें त्याला नेमलें, व २०१६ सालीं तो संघ अजिंक्य ठरला. पुढें तोच संघ नॉर्थ कॅरोलायनांत हलला आणि २०१८ व २०१९ सालींही विजेता झाला. चषक घरांत आल्यावर मागची विचारपूस करावयाची कोणास सुचते? सप्टेंबर २०२१ मध्यें शिम व सिनेड फॅरेली या दोघींनीं आपली हकीकत नांवानिशीं प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें त्याला काढून टाकण्यांत आलें. बहुतेक आरोप त्यानें नाकारले. त्यानंतरच्या आठवड्यांतील सामन्यांत सहाव्या मिनिटाला खेळ थांबवून दोन्ही बाजूंच्या खेळाडू मैदानाच्या मधोमध हातांत हात घालून उभ्या राहिल्या. कारण त्यांचें म्हणणें ऐकलें जाण्यास सहा वर्षें लागलीं होतीं.

न्यायखात्याच्या माजी उच्चाधिकारी सॅली येट्स यांनीं दोनशेंहून अधिक माणसांच्या मुलाखती घेऊन ऑक्टोबर २०२२ मध्यें अहवाल दिला. दोष एकट्या-दुकट्याचा नसून सबंध पद्धतीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. जानेवारी २०२३ मध्यें लीगनें रायलीसह चार प्रशिक्षकांना कायमची बंदी घातली.

भारतांतही तेंच वर्ष या बाबतींत दुःखद ठरलें. सतरा वर्षांखालील मुलींचा जागतिक चषक ऑक्टोबर २०२२ मध्यें मडगांव, नवी मुंबई व भुवनेश्वर येथें भरावयाचा होता. त्याच्या तयारीसाठीं संघ युरोपांत गेला असतां सहप्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावण्यांत आलें, आणि जुलैमध्यें बडतर्फ करण्यांत आलें. प्रकरण दिल्लीच्या न्यायालयांत गेलें. बडतर्फीचें कारण लपविलें गेलें नाहीं, एवढें येथील कारभाऱ्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. मार्च २०२४ मध्यें गोव्यांत स्पर्धेसाठीं आलेल्या दोन खेळाडूंनीं फुटबॉल महासंघाच्याच एका कार्यकारिणी-सभासदावर मारहाणीचा आरोप केला; पोलिसांनीं त्याला अटक केली व महासंघानें निलंबित केलें.

प्रशिक्षकाला ‘डी’पासून ‘ए’ व ‘प्रो’पर्यंत पायरीपायरीनें परवाने मिळतात. ते प्रामुख्यानें खेळाच्या ज्ञानाचे असतात. अर्थात् वर्तणुकीचा रकाना नुसता छापला म्हणजे भागलें, असेंही नव्हे. शाळेच्या दाखल्यांत त्या जागीं बहुधा ‘चांगली’ हा एकच शब्द असतो. ब्याद टळावी म्हणून अत्यंत व्रात्य पोरालाही तोच मिळतो. पोर्टलंडच्या क्लबनें मानलेले आभार त्याच जातीचे होते. तेव्हां प्रशिक्षक नेमणाऱ्या शाळेनें वा क्लबानें कागदावर न विसंबतां मागच्या ठिकाणीं स्वतः जावें, तेथील खेळाडूंच्या आईबापांस भेटावें, आणि त्यानें काम कां सोडलें हें विचारावें.

कायदा अगदींच मुका नाहीं. २०१३ च्या कायद्यानें क्रीडासंकुल व स्पर्धेचें ठिकाण यांनाही कामाची जागा मानलें आहे. दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें तक्रार-समिति हवी. तिची अध्यक्ष स्त्री असावी व एक सभासद बाहेरचा असावा. त्याहून लहान क्लबांतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेतां येते. खेळाडू अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा ठाऊक असून न कळविणें हाही गुन्हाच आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. मात्र २०१३ च्या कायद्यानें तक्रारीस तीन महिन्यांची मुदत दिली आहे, व समितीनें लेखी कारण दिल्यास आणखी तीन महिन्यांची. परगांवच्या वसतिगृहांत राहणाऱ्या, संघांतून नांव जाईल या भीतीनें गप्प बसलेल्या मुलीस ही मुदत फारच अपुरी आहे.