आंबट फळ, लहान यंत्र

मे महिना अर्ध्यावर आला की रत्नागिरी-देवगडच्या बागांत ‘कॅनिंग’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. वाशीच्या बाजारात पेटीचा भाव उतरलेला असतो, डागी आणि बारीक फळ वाढलेले असते, पाऊस दाराशी आलेला असतो. मग आंबा पेटीत गवत घालून निवडून भरण्याऐवजी क्रेटमध्ये ओतला जातो आणि किलोच्या दराने कारखान्याकडे निघतो. बागायतदार हा शब्द थोड्या पडेल आवाजातच उच्चारतो, कारण कॅनिंगला गेलेल्या फळाची पत उतरली, असा समज आहे. या कारखान्यांबद्दल शहाण्यासुरत्यांचे मतही ठरलेले असते : ते लहान आहेत, विखुरलेले आहेत, म्हणून मागासलेले आहेत, मोठी यंत्रे आली की सारे सुधारेल. हे निदान चुकीच्या जागी बोट ठेवते. हे कारखाने लहान राहू शकले याचे मोठे श्रेय फळाच्या आंबटपणाला आहे, आणि त्यांची खरी उणीव यंत्राच्या आकारात नाही.

आधी यंत्र पाहू. धुतलेला, पिकलेला आंबा देठाकडून छाटून पल्परमध्ये जातो. पल्पर म्हणजे स्टेनलेस स्टीलची आडवी गोल चाळण आणि तिच्या आत वेगाने फिरणारी पाती. पाती फळाला चाळणीच्या भिंतीवर दाबतात. गर भोकांतून बाहेर पडतो, कोय आणि साल दुसऱ्या टोकाने निघून जातात. पुढची बारीक चाळण धागे अडवते. स्टेनलेस स्टीलचा आग्रह केवळ स्वच्छतेसाठी नसतो. आंबट गर साध्या लोखंडाला किंवा तांब्याला लागला तर रंग आणि चव दोन्ही बिघडतात. गाळलेला गर वाफेच्या दुहेरी भिंतीच्या कढईत ८५ ते ९० अंशांपर्यंत तापतो आणि गरम असतानाच डब्यात भरला जातो. मग सीमिंग यंत्राचे पहिले चाक झाकणाची कड डब्याच्या कडेत गुंडाळते आणि दुसरे ती गुंडाळी आवळून सपाट करते. ८५० ग्रॅमचे किंवा ३.१ किलोचे हे डबे उकळत्या पाण्यात ठरावीक वेळ राहतात आणि लगेच गार पाण्यात उतरतात. यात गुंतागुंतीचे असे एक सीमिंगच. बाकी सारे मोठ्या स्वयंपाकघराचेच विस्तारित रूप आहे.

इतकी साधी व्यवस्था पुरते कशी, याचे उत्तर एका आकड्यात आहे : ४.६. पदार्थाचा आंबटपणा सामूने मोजतात; सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. हवाबंद डब्यात सर्वांत भीती असते ती क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूची. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, आणि डब्यात हवा नसल्याने त्यांना रान मोकळे मिळते. मात्र सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ते रुजतच नाहीत. पिकलेल्या आंब्याचा गर सहसा या रेषेच्या खाली असतो आणि थोडे सायट्रिक आम्ल घातले की तो निश्चिंतपणे खाली राहतो. मग मारायचे उरतात ते यीस्ट, बुरशी आणि तुलनेने नाजूक जंतू. त्यांना शंभर अंश पुरतात. १८१० मध्ये निकोला आपेर या फ्रेंच माणसाने बंद बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून अन्न टिकवण्याची रीत पुस्तकातून जगापुढे मांडली, तेव्हा जंतू हे नासण्याचे कारण आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. कोकणातला कारखाना आजही मुळात आपेरचीच रीत वापरतो, कारण आंबा त्याला ती सवलत देतो.

हिरवा वाटाणा ही सवलत देत नाही. त्याचा सामू सहाच्या आसपास. त्याचा डबा १२१ अंशांपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे दाबाची वाफ हवी, घरच्या कुकरचा थोरला भाऊ असलेला रिटॉर्ट हवा, दाब आणि वेळ यांची काटेकोर नोंद हवी. आंब्याच्या डब्यात चूक झाली तर डबा फुगतो, रस आंबतो, पैसे बुडतात. वाटाण्याच्या डब्यात चूक झाली तर माणूस दगावू शकतो. म्हणून भाज्यांचे डबे हे भक्कम भांडवलाचे काम, आणि आंब्याचे डबे बागेपासून हाकेच्या अंतरावरच्या शेडमध्येही होऊ शकतात. एकाच परसातली फळेही या हिशेबाने वेगळी पडतात. कोकम इतके आंबट की त्याला फारशी आच लागत नाही. पिकला फणस मात्र ४.६ च्या वर, म्हणून त्याच पल्परमधून काढलेल्या फणसाच्या गराला आम्लाची जोड दिल्याशिवाय उकळत्या पाण्यावर विसंबता येत नाही.

यावर पहिला आक्षेप चवीचा, आणि तो खरा आहे. गर दाट असल्याने उष्णता डब्याच्या मध्यापर्यंत सावकाश पोहोचते. तोवर कडेचा गर गरजेपेक्षा जास्त शिजतो आणि हापूसचा वास उडतो. डबा जितका मोठा, तितके नुकसान जास्त. अ‍ॅसेप्टिक यंत्रणेत गर नळ्यांतून वाहताना झपाट्याने तापतो, काही काळ तसाच धरला जातो, लगेच गार होतो आणि निर्जंतुक पिशवीत भरला जातो. रंग आणि वास यांत ती सरस आहे. पण तिची पिशवी दोनशे किलोंहून मोठी, पिंपात बसणारी असते आणि तिचे गिऱ्हाईक म्हणजे शीतपेये करणारे कारखाने. तिला सतत, एकसारखा, भरपूर माल लागतो; चित्तूर आणि कृष्णगिरीच्या पट्ट्यात तोतापुरी तो पुरवतो. आषाढात पुरीबरोबर रस वाढायला डबा फोडणाऱ्या घराला ते पिंप काय कामाचे?

दुसरा आक्षेप दराचा. कॅनिंगचा दर दरवर्षी वादाचा विषय होतो, आणि यंत्रे वाढली तरी बागायतदाराच्या हाती काय, हा प्रश्न रास्त आहे. पण दर पडतो तो सारे फळ थोड्या दिवसांत एकदम आल्याने. आंबा बटाट्यासारखा शीतगृहात महिनोन्महिने ठेवता येत नाही. सुमारे १३ अंशांखाली तो काळवंडतो, नीट पिकत नाही. थांबवायचा तर गर करूनच थांबवावा लागतो. मग त्या दिवसांत गर काढण्याची ताकद वाढवणे हाच उपाय नव्हे का? अंशतः आहे. पण वर्षातले दहा महिने झाकून ठेवावे लागणारे मोठे यंत्र आपला खर्च दोन महिन्यांत वसूल करू पाहते, आणि तो शेवटी फळाच्या दरातूनच निघण्याचा धोका असतो. लहान यंत्र चाळणी बदलून आवळा, कोकम, फणस यांना लावणे जास्त परवडते.

म्हणून पैसा घालायचा तो पल्परच्या आधी. फळ पिकत जाते तसा आंबटपणा उतरतो आणि सामू ४.६ कडे सरकतो. अढीतले फळ एकसारखे पिकत नाही. काही कच्चे, काही ओघळलेले. कच्चा आंबा रंग आणि गोडी देत नाही, अतिपिकलेला सुरक्षिततेची ती रेषा जवळ आणतो. तापमान आणि फळ पिकवणारा इथिलीन वायू ताब्यात ठेवणारी पिकवण्याची खोली ही दोन्ही टोके छाटते आणि आवक चार-सहा दिवसांवर पसरवते. दुसरी जागा चाकूची. हापूसचा साका, म्हणजे आतल्या गराचा स्पंजासारखा बिघडलेला भाग, बाहेरून दिसत नाही; फळ कापल्यावरच कळतो. पल्परला तो दिसत नाही, तो चांगल्या गरासकट गाळला जातो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका नसलेली ‘रत्ना’ जात दिली, पण बागांतला हापूस त्यामुळे बदलला नाही. तेव्हा कापणाऱ्या बायकांचे टेबल हा यंत्र नसल्यामुळे राहिलेला जुना अवशेष समजून हटवण्यात अर्थ नाही. त्या टेबलाला चांगला उजेड, बसायला धड जागा आणि साका टाकून देण्याची मुभा हवी. मजुरी किलोवर मोजली तर हात धावतील आणि साका डब्यात जाईल. पल्परची चाळण कोय अडवते, सालही अडवते. साका अडवणारी चाळण मात्र त्या टेबलावरच बसलेली असते.