पाहायचे पाणी

आमच्या घरी सहल ठरणे म्हणजे मंत्रिमंडळ बनण्यासारखे आहे. मते घरातल्या माणसांइतकी, आणि खजिना एकट्या माझ्याकडे, तोही रिकामा!

२००९ सालच्या दिवाळीच्या सुटीतली ही गोष्ट. मुलांनी मुंबईच्या एस्सेलवर्ल्डचा हट्ट धरला होता. १९८९ साली गोराईला सुरू झालेल्या त्या पाळण्यांच्या नगरीची कीर्ती तोवर अमरावतीच्या शाळांपर्यंत पोचली होती. आईला शेगावला गजानन महाराजांचे दर्शन हवे होते. बाबांना काहीच नको होते. "कायले पैशाचा चुराडा करता? घरीच रहा ना," हे त्यांचे प्रत्येक सहलीबद्दलचे ठरलेले मत. अखेर सौभाग्यवतींनी तोड काढली. शेगावचे आनंदसागर! दर्शनही होईल, बागही होईल आणि मास्तरकीच्या पगारात सारे बसेल.

ठरल्या दिवशी आम्ही पहाटेच बडनेऱ्याला पॅसेंजर गाठली. धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मूर्तिजापूरलाच उघडला गेला. अकोल्याला ताई आणि भाऊजी आपली दोन मुले घेऊन चढले आणि आमची फौज पूर्ण झाली. खिडकीबाहेर कापसाची वेचणी चालली होती.

शेगावी महाराज प्रथम दिसले ते १८७८ साली. समाधी घेतली १९१० साली. त्यांच्या नावाच्या संस्थानाने या शतकाच्या आरंभी गावाबाहेर दोनशेहून अधिक एकरांवर ही बाग उभी केली. मोठा तलाव, त्यातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवर बांधलेले ध्यानकेंद्र, मुलांसाठी खेळणी आणि बागेतून धावणारी छोटी आगगाडी. मला मात्र सर्वांत अधिक नवल वाटले ते तिथल्या सेवेकऱ्यांचे. लहानथोर सर्वांना ते 'माउली' म्हणत. घरात ज्याला 'गाढवा'वाचून दुसरी हाक ठाऊक नाही, ते आमचे चिरंजीव दोनदा 'माउली' ऐकताच इतके शहाण्यासारखे वागू लागले की, आम्हांलाच काळजी वाटली.

गाडीच्या रांगेत सगळे उभे राहिले, बाबा नाहीत. "मी काय पोट्टा आहो?" म्हणून ते बाजूला झाले. मला राग आला. इतका खर्च करून आणावे, आणि यांनी तोंड फिरवावे! मी काही बोलणार, तोच माझ्या कन्येने त्यांचा हात ओढत त्यांना डब्यात नेऊन बसवले.

गाडी हलली, आणि बाबा एकाएकी मोठ्याने हसले. "अरे, हे तं आपली शकुंतला!"

वाचकांपैकी जे वऱ्हाडचे आहेत त्यांना शकुंतला सांगायला नको. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांची ती गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आमचे गाव दर्यापूरजवळ. बाबा शिकायला, नोकरीच्या मुलाखतीला, लग्नाला, सगळीकडे याच गाडीने गेलेले. वाटेत उतरावे, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा गाडीत चढावे, हे त्यांनी त्या दिवशी नातीला सांगितले. मी त्यांचा मुलगा. मला कधी सांगितले नव्हते. मी विचारलेच कुठे होते?

आई तलावाकाठी बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा पाण्यावरची नजर न काढता तिने विचारले, "गोडं असन का रे हे?"

"आई, हे प्यायचं पाणी नाही. पाहायचं आहे."

"पाह्याले पानी!" ती स्वतःशीच म्हणाली. "आमच्या जन्मात पानी कोनी पाह्याले ठेवलं नाही, बाबू."

आमचे गाव खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून, पूर्णेच्या दोन्ही तीरांनी हा पट्टा गेला आहे. शेगाव तालुक्यातली गावेही त्यात येतात. जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खोदावी तर ते पिववत नाही, आणि पिकाला द्यावे तर जमीन बिघडते. लग्न होऊन आल्यापासून आई गोड्या पाण्यासाठी दूरच्या विहिरीवर जात असे. डोक्यावर गुंड, कडेवर मी. पाणी तिने आयुष्यभर मोजले होते. त्या दिवशी ते न मोजता नुसते पाहत ती दोन तास बसली. कचोरी आणली, तीही थंड झाली.

परतीच्या गाडीत मुले झोपली. बाबा म्हणाले, "चांगलं झालं, आनलं तं." त्यांच्या तोंडून याहून मोठे प्रशस्तिपत्रक मी ऐकलेले नाही.

पुढे बाबा गेले. शकुंतलाही थांबली, आधी यवतमाळची बाजू २०१६ साली, मग अचलपूरचीही. आनंदसागरही काही वर्षे बंद राहिले आणि २०२३ साली त्याचा काही भाग पुन्हा उघडला.

यंदाच्या सुटीत कुठे जायचे, अशी चर्चा परवा घरात निघाली. कन्या आता कॉलेजात आहे. तिच्याजवळ ठिकाणांची मोठी यादी. या खेपेस मी प्रथम आईला विचारले. ती आता थकली आहे. पायऱ्या चढवत नाहीत. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, "त्या पान्यापाशी नेता का मले?"

यादी कन्येनेच मिटून ठेवली. बडनेऱ्याची तिकिटे काढली आहेत.