मालकाच्या दुकानातला रुपया

रुपया म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आपल्या सरकारचं नाणं उभं राहतं. पण रुपया हे नाव पुष्कळ मुलखांत चालतं. नेपाळात, श्रीलंकेत, मॉरिशस बेटात आणि सेशेल्स बेटांतही पैशाला रुपयाच म्हणतात. अशाच एका लहानशा बेटावरच्या रुपयाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. हा रुपया एकाच दुकानात चालत असे.

हिंदी महासागरात, जावा बेटापासून सुमारे १००० किलोमीटर दूर, कोकोस नावाची बेटं आहेत. एकंदर २७ बेटं. सगळी मिळून जमीन १४ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार एकर. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाचं शिवार असतं तेवढीच. जिकडे पाहावं तिकडे नारळाची झाडं.

१८२६ साली अलेक्झांडर हेअर नावाचा एक इंग्रज तिथं आला. त्यानं मलय लोकांना गुलाम म्हणून बरोबर आणलं. दुसऱ्या वर्षी, १८२७ साली, जॉन क्लुनीज-रॉस हा स्कॉटलंडचा दर्यावर्दी कुटुंबासह येऊन राहिला. पुढं हेअर निघून गेला. बेटं क्लुनीज-रॉस घराण्याच्या हाती आली. १८५७ साली ब्रिटिशांनी बेटांवर आपला अंमल जाहीर केला. १८८६ साली राणी व्हिक्टोरियानं ती बेटं या घराण्याला कायमची देऊन टाकली. मलय लोक नारळ गोळा करीत, फोडीत, खोबरं वाळवीत. खोबरं जहाजानं बाहेर विकायला जाई.

आता मजुरीचं पाहू. मजुरी तर द्यायची, पण कशात? मालकानं स्वतःचाच पैसा काढला. एकोणिसाव्या शतकात मेंढीच्या कातड्यावर छापलेल्या नोटा होत्या. १९१३ साली हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या चकत्या आल्या. त्यांवर क्रमांक घातलेले असत. १९६८ साली प्लॅस्टिकच्या चकत्या निघाल्या. या पैशाला कोकोसचा रुपया म्हणत. एका रुपयाचे १०० सेंट.

वाचक म्हणतील, यात बिघडलं काय? चकती काय आणि नाणं काय, बाजार झाला म्हणजे झालं! पण थोडा विचार करू या. बेटावर दुकान एकच, आणि ते मालकाचं. चकती चालायची ती त्या दुकानात. समजा, एका मजुरानं पोटाला चिमटा घेऊन शंभर रुपये शिल्लक टाकले. ते घेऊन तो जहाजात बसला, तर परमुलखात त्याला कपभर चहासुद्धा मिळणार नाही. म्हणजे हातात पैसा असून माणूस जागच्या जागी बांधलेला. शिवाय मजुरी ठरवणारा मालक, आणि मालाचा भाव ठरवणाराही मालकच. एका हातानं दिलेली मजुरी दुसऱ्या हातानं त्याच्याच गल्ल्यात परत येई.

खरं ते सांगितलं पाहिजे. तिथं लोकांना राहायला घर होतं, आणि लोक उपाशी नव्हते. पण बेट सोडून गेलेल्याला परत येऊ देत नसत. मग घरदार, आईबाप, भाऊबंद सोडून कोण जाणार?

१९५५ साली ही बेटं ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आली. तरी चकत्या चालूच राहिल्या. १९७४ साली संयुक्त राष्ट्रसंघाची मंडळी पाहणीला आली, आणि त्यांनी तिथल्या कारभारावर टीका केली. १९७७ साली, घराणं येऊन १५० वर्षं झाली म्हणून, मालकानं धातूची नाणी काढली. पण तोवर दिवस फिरले होते. १९७८ साली ऑस्ट्रेलिया सरकारनं ६२ लाख ५० हजार डॉलर मोजून बेटं विकत घेतली. मालकाचं राहतं घर तेवढं त्याच्याकडे राहिलं. मग मालकाचा रुपया बंद पडला आणि ऑस्ट्रेलियाचा डॉलर आला. तोच डॉलर पर्थ शहरातल्या दुकानातही चालतो.

६ एप्रिल १९८४ या दिवशी लोकांनी मत दिलं. मतदार होते २६१. ऑस्ट्रेलियात पूर्णपणे सामील व्हावं, असं २२९ जणांनी सांगितलं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गुलाम म्हणून आणलं, त्यांनी आपल्या बेटाचं काय व्हावं ते स्वतः ठरवलं.

चकती प्लॅस्टिकची होती हा काही तिचा दोष नव्हे. आपली नोटही कागदाचीच असते. पण आपली नोट कोणत्याही गावी, कोणत्याही दुकानी चालते. एका दुकानी भाव जास्त वाटला तर आपण पुढच्या दुकानी जातो. ही मोकळीक असते म्हणून मजुरी आपल्या मालकीची होते.

आपल्यालाही कधी कोणी मजुरीच्या बदल्यात चिठ्ठी देईल आणि म्हणेल, "अमक्या दुकानातून माल घेऊन जा." अशा वेळी त्या कोकोसच्या मजुराची आठवण ठेवावी. हातात पडलेला पैसा मोजून घ्यावा, हे तर खरंच. पण तो कुठं कुठं चालतो, हेही विचारून घ्यावं.